शीड गेलं की ताण गेला?

शिडाची छोटी होडी वाऱ्याच्या दिशेने नीट जात नसेल, तर कारणं साधारण दोन असतात. एक म्हणजे शीड म्हातारं झालंय. दुसरं म्हणजे शीड ज्यावर उभं आहे ती डोलकाठी आणि तिच्या तारा ढिल्या पडल्यात. पहिल्यावर इलाज करायला लाखाच्या वर पैसे लागतात. दुसऱ्याला लागतात काही शनिवार, एक मोजपट्टी आणि थोडी चिकाटी. गंमत अशी की दोन्ही आजारांची लक्षणं सारखीच दिसतात. शीड पोटाशी फुगतं, मागची कड फडफडते, होडी कडेला कलते पण पुढे सरकत नाही. नुसतं बघून निदान होत नाही, मोजावं लागतं.

आमच्याकडे चौघांत मिळून एक जुनी एंटरप्राइझ आहे. नावावरून वाटतं तसं काही भव्य नाही. ४.०४ मीटर लांबीची, दोन माणसांची उघडी होडी. एकाच्या हातात सुकाणू आणि मोठं शीड, दुसऱ्याकडे पुढचं छोटं शीड, म्हणजे जिब. जॅक होल्ट या इंग्रज डिझायनरने १९५६ साली ही होडी आखली. एका वर्तमानपत्राच्या पाठबळावर, सामान्य माणसाला परवडावी म्हणून. निळी शिडं ही तिची ओळख.

मी नौकानयन शिकलो ते एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये, इंजिनीअरिंगला असताना. काळाचौकीतल्या चाळीतल्या मुलाला मुंबईच्या बंदरात शिडाची होडी हाकायला मिळण्याचा दुसरा मार्ग तेव्हा मला तरी ठाऊक नव्हता. नोकरी लागली, मित्र जमले, आणि २०२२मध्ये एका निवृत्त गृहस्थांकडून आम्ही ही होडी घेतली. फायबरचा सांगाडा ठणठणीत, बाकी सगळं वापरून वापरून मऊ झालेलं.

गेल्या ऑक्टोबरात चौघांनी साठवलेले एक लाख चाळीस हजार रुपये हातात होते. वाहतूक आणि आयातशुल्क धरून नव्या शिडांचा पूर्ण जोड साधारण तेवढ्यातच बसत होता. चौघांपैकी दोघांना तो लगेच मागवायचा होता. माझं म्हणणं होतं की आधी मोजू. वाद बराच झाला. शेवटी ठरलं की जानेवारीपर्यंत थांबायचं, आणि आकडे बोलतील तसं करायचं.

आता हा प्रश्न नेमका कुठे बोचतो ते सांगतो. हिवाळ्यात मुंबई बंदरात सकाळी मतलई वारे असतात, दुपारी ते पडतात, आणि मग वायव्येकडून खारे वारे सुरू होतात. वारा जिकडून येतो तिकडे कुठलीच शिडाची होडी सरळ जाऊ शकत नाही. नागमोडी जावं लागतं. थोडं डावीकडे, मग वळून थोडं उजवीकडे. या दोन दिशांमधला कोन जितका लहान, तितकी होडी चांगली. चांगल्या एंटरप्राइझचा हा कोन ९०च्या आसपास असतो. आमचा होता १०४.

चौदा अंशांनी काय बिघडतं? साधी त्रिकोणमिती आहे. वाऱ्याच्या दिशेने एक सागरी मैल जायचं असेल, तर ९० अंशांच्या होडीला १.४१ मैल चालावं लागतं. १०४ अंशांच्या होडीला १.६२. त्यात ओहोटी लागली की तुम्ही मिडल ग्राउंडच्या बेटासमोर अर्धा तास कष्ट करून जागच्या जागी राहता. संध्याकाळी वारा पडायच्या आत परत यायचं असतं, आणि होडीवर इंजिन नाही. तेव्हा हा आकडा शर्यतीपुरता नाही. घरी पोचण्याचा आहे.

मोजायची पद्धत आम्ही अशी ठेवली. फोनवर जीपीएसची नोंद. दिवस शक्यतो भांगाच्या भरतीचे, म्हणजे अष्टमीच्या आसपासचे, कारण उधाणाच्या दिवसांत प्रवाहच इतका असतो की आकड्यांवर विश्वास ठेवता येत नाही. आणि एका शनिवारी एकच बदल. ऑफिसात सर्व्हर हळू चालला की आम्ही हेच करतो. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर सर्व्हर सुधारेलही, पण का सुधारला ते कधीच कळत नाही.

डोलकाठी, तिला धरणाऱ्या तारा, बूम, शिडं चढवायच्या दोऱ्या, या सगळ्या संसाराला रिग म्हणतात. पहिला शनिवार गेला डोलकाठी सरळ उभी आहे का ते बघण्यात. शीड चढवायच्या दोरीला मोजपट्टी बांधून वर टोकापर्यंत न्यायची, आणि खाली होडीच्या डाव्या आणि उजव्या काठावर सारख्याच जागी टेकवून आकडा बघायचा. आमच्याकडे दोन्ही बाजूंत २६ मिलिमीटरचा फरक निघाला. म्हणजे एका बाजूला वळल्यावर होडी वेगळी वागायची आणि दुसऱ्या बाजूला वेगळी, आणि आम्ही दोष वाऱ्याला द्यायचो. बाजूच्या तारा खाली एका भोकांच्या पट्टीत खिळीने अडकवलेल्या असतात. एक खिळी एक भोक खाली घेतली, फरक चार मिलिमीटरवर आला.

त्याच दिवशी डाव्या तारेत, वरच्या टोकाशी, एक तुटलेला पदर सापडला. ही तार १×१९ची असते. एकोणीस पदर, सगळे कडक स्टेनलेस स्टीलचे. त्यातला एक तुटला की बाकीच्यांवर भार वाढतो, आणि पुढचा कधी तुटेल ते सांगून येत नाही. कापसाचा बोळा तारेवरून फिरवला की तुटक्या टोकाला धागा अडकतो. इतकी साधी चाचणी आहे. दोन्ही तारा बदलल्या.

दुसरा शनिवार ताणाचा. एंटरप्राइझसारख्या होडीत गंमत अशी असते की पुढून डोलकाठीला धरणारी तार फक्त शीड उतरवलेलं असताना कामाची. जिब चढलं की खरा ताण जिबच्या पुढच्या कडेत शिवलेल्या तारेवर येतो. जिब चढवायची दोरी जितकी घट्ट ओढाल, तितकी ती कड सरळ राहते आणि तितक्याच बाजूच्या तारा ताणल्या जातात. तिन्ही एकमेकींना धरून असतात. आमच्याकडे जिब चढवायला साधी दोरी होती, आणि दोरी ताण आला की वाढते. उधारीवर आणलेल्या ताणमापकाने बाजूच्या तारेवर ६० किलोच्या आसपास आकडा दिला. पाहिजे होता १५०च्या जवळ. दोरी काढून तिथे ७×१९ची लवचीक वायर घातली, आणि डोलकाठीवरच्या ताण द्यायच्या लिव्हरला नवा हूक बसवला.

ताण कमी असला की काय होतं? वारा भरल्यावर जिबची पुढची कड धनुष्यासारखी बाजूला झुकते. झुकली की तिथलं जास्तीचं कापड शिडाच्या पोटात जातं. पोट सुटलेलं शीड वाऱ्याच्या जवळ जाऊच देत नाही, कारण जवळ गेलं की त्याची पुढची कड आधी कोसळते. म्हणजे शीड जुनं दिसतं, पण त्याचं वय त्यात नसतं. त्याला धरणारं कोणी नसतं.

तिसरा आणि चौथा शनिवार डोलकाठीच्या बाकावर गेला. डोलकाठी सरळ सोट असावी असं आपल्याला वाटतं. पण मोठ्या शिडाची पुढची कड सरळ कापलेली नसते. ती किंचित फुगीर असते. डोलकाठी मध्यभागी थोडी पुढे वाकली, तर ती फुगीर कड तिच्यावर बरोबर बसते. काठी सरळच राहिली, तर उरलेलं कापड पुन्हा पोटात. हा बाक येतो स्प्रेडरमुळे. स्प्रेडर म्हणजे डोलकाठीच्या मध्यावर दोन्ही बाजूंना असलेले छोटे हात. बाजूची तार त्यांच्या टोकावरून जाते, आणि ताण आला की ते काठीला पुढे ढकलतात. आमच्या काठीचा बाक होता १२ मिलिमीटर. स्प्रेडरचा कोन दोनदा बदलून तो ३८वर आणला.

शिडाचा आकार मोजायला आम्ही काळी चिकटपट्टी वापरली. मोठ्या शिडावर मध्यभागी, पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत आडवी पट्टी चिकटवायची. चालत्या होडीत बूमखाली आडवं पडून वर फोटो काढायचा. फोटोत पट्टीच्या दोन टोकांना जोडणारी सरळ रेषा काढली, की पट्टी तिच्यापासून किती खोल गेली आणि सगळ्यात खोल जागा कुठे आहे ते मोजता येतं. मी पायथनमध्ये वीसेक ओळींचा प्रोग्राम लिहिला. तीन ठिकाणी बोट टेकवायचं, दोन आकडे मिळतात. ऑक्टोबरात मोठ्या शिडाची खोली होती १६ टक्के, आणि सगळ्यात खोल जागा पुढून ५२ टक्क्यांवर. डिसेंबरच्या शेवटी, त्याच शिडाची, खोली १३ टक्के आणि जागा ४६ टक्क्यांवर. सुई-दोराही लावला नव्हता.

नागमोडीचा कोन १०४वरून ९४वर आला. खर्च, तारा, वायर आणि हूक धरून, सात हजार आठशे.

इथे लेख संपवता आला असता. 'नवं घेऊ नका, जुनं जुळवा' असं तात्पर्य काढून. सॉफ्टवेअरवाल्यांना हे तात्पर्य आवडतं, कारण जुना प्रोग्राम फेकून सगळं नव्याने लिहिण्याचा हट्ट आम्ही रोज बघतो. पण जिबचे फोटो तसं सांगत नव्हते. ताण पूर्ण दिल्यावरही जिबची खोल जागा ५२ टक्क्यांच्या खाली येत नव्हती. मागची कड फडफडतच होती. मोठ्या शिडाने ऐकलं, जिबने नाही.

दोन्ही शिडं मी घरी आणली आणि चाळीच्या गच्चीवर पसरली. बाबांना दाखवायला.

बाबा साचेवाले. म्हणजे गिरणीच्या साचाखात्यात माग चालवायचे. माझे आजोबाही त्याच गिरणीत होते. बाबा विसाव्या वर्षी बदली कामगार म्हणून लागले आणि दोन वर्षांत, की तीन, कायम व्हायचे होते, तेवढ्यात १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. दत्ता सामंतांचा संप. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिल्लीला एशियाड झालं, पण त्यातलं नौकानयन मुंबईच्या बंदरात झालं. त्यात एंटरप्राइझचाही वर्ग होता. पाकिस्तानचे बैराम आवारी आणि त्यांच्या पत्नी गोश्पी यांनी त्यात सुवर्ण घेतलं. फायरबॉल नावाच्या दुसऱ्या वर्गात आपल्या फारूख तारापोर आणि झरीर करंजियांनी. लालबाग-परळच्या चिमण्या थंड पडलेल्या असताना तिथून काही किलोमीटरवर ही निळी शिडं फिरत होती. मी हे बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "असतील. आम्ही तेव्हा गावी भात कापत होतो."

पुढे गिरणी रडतखडत चालली, बाबा परत आत गेले, आणि २००२मध्ये, चाळिसाव्या वर्षी, स्वेच्छानिवृत्तीचा कागद हातात घेऊन बाहेर आले. मग वीस वर्षं वॉचमन. कापडाला त्यांनी त्यानंतर धंद्यासाठी कधी हात लावला नाही.

गच्चीवर त्यांनी आधी मोठं शीड घेतलं. डोळ्याजवळ नेलं, उन्हात धरलं, नखाने एक धागा उचलून पाहिला.

"कसलं आहे?"

"डेक्रॉन. म्हणजे आपलं टेरीलीनच."

"विणलंय उलटं," ते म्हणाले. "बाणा जाड आणि सरळ. ताणा बारीक, तोच वर-खाली फिरलाय."

मला हे वाचून माहीत होतं, पण कोणी नुसत्या नखाने ओळखेल असं वाटलं नव्हतं. आपल्या नेहमीच्या कापडात बहुतेक वेळा उभा धागा, म्हणजे ताणा, भक्कम असतो. पण अशा शिडाचे पट्टे आडवे जोडलेले असतात, आणि सगळ्यात जास्त ओढ मागच्या कडेच्या दिशेने येते. ती ओढ पट्ट्याच्या रुंदीतून जाते, म्हणजे बाण्यावर. म्हणून बाणा जाड ठेवतात आणि सरळ ठेवतात. वळणं घेत गेलेला धागा ताण आल्यावर आधी वळणं सोडवतो, म्हणजे तितका लांबतो. सरळ धाग्याला सोडवायला वळणच नसतं.

मग त्यांनी शीड तिरपं ओढलं. कोपऱ्यापासून कोपऱ्याकडे. कुठलंही विणलेलं कापड सगळ्यात जास्त तिरप्या दिशेने ताणतं, कारण तिथे धागाच नसतो, फक्त धाग्यांमधल्या चौकटी असतात. शिडाच्या कापडात ही चौकट धरून ठेवायला विणीनंतर उष्णता देऊन ते आकसवतात आणि राळेसारखं रसायन भरतात. नवं शीड म्हणूनच कागदासारखं कडकडतं. ऊन आणि फडफड यांनी ते भरण हळूहळू मोडतं, आणि एकदा मोडलं की कुठल्याही तारेच्या ताणाने परत येत नाही.

"हे आहे अजून," मोठ्या शिडाबद्दल ते म्हणाले. "दोन वर्षं जातील."

जिब त्यांनी एकदाच ओढलं. हातात रुमालासारखं लांबलं.

"हे गेलं. टाक."

मला खरं म्हणजे वेगळं काही ऐकायचं होतं. जुन्याला उगीच जुनं ठरवतात, नीट वापरलं असतं तर चाललं असतं, असं काहीतरी. त्यांच्याच आयुष्यावरून मी ते मनात लिहूनही ठेवलं होतं. म्हणून मी विचारलंच, "तुमचे साचे पण असेच गेले होते का, बंद केले तेव्हा?"

"साचे जुनेच होते," ते म्हणाले. "काही खरंच गेलेले. काही तेल-पाणी केलं असतं तर चालले असते. पण बघायला आलं कोण? जो साहेब आला तो जागेचं माप घेऊन गेला."

त्यात काही कोडं नाही. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ने गिरण्यांची जमीन विकायची वाट उघडली, आणि त्यानंतर कापडापेक्षा जमिनीचा हिशोब मोठा झाला. माझं ऑफिस लोअर परळला एका काचेच्या इमारतीत आहे. तीही गिरणीच्याच जागेवर. रोज आत शिरताना मला फार काही वाटतं असं नाही. पण गच्चीवर एक गोष्ट नीट कळली. बाबांची तक्रार जुन्याला टाकलं ही नव्हती. जुनं टाकावं लागतं हे साचेवाल्याइतकं कोणाला कळणार. तक्रार होती की ओढून कोणी पाहिलं नाही. त्यांच्या खात्यात सगळ्यालाच एकदम 'जुनं' म्हटलं. त्यात गेलेले साचे आले, चालू शकणारे साचे आले, आणि चाळीस वर्षांचा माणूसही आला.

नवीन घ्यायची घाई आणि जुन्याचं प्रेम, दोन्ही मोजणं टाळायच्याच तऱ्हा आहेत. जानेवारीपर्यंत थांबण्याचा जो हट्ट मी धरला होता, त्याचा अर्थ मला हा असा लागला.

चौघांच्या बैठकीत मी फोटो, आकडे आणि बाबांचा निर्णय असं सगळं ठेवलं. पूर्ण जोड मागवायचा म्हणणाऱ्या दोघांपैकी एकाने विचारलं, "काकांनी खरंच नुसतं ओढून सांगितलं?" मी म्हटलं, ये घरी, तूही ओढून बघ. तो आला. त्याने ओढलं. फक्त जिब मागवायचं ठरलं. सगळं धरून अठ्ठेचाळीस हजार.

नवं जिब मार्चमध्ये चढलं. त्याच्या पुढच्या कडेजवळ दोन्ही बाजूंना लोकरीचे धागे लावतात. वारा नीट वाहत असला की दोन्ही बाजूंचे धागे मागे सपाट राहतात. खालचे धागे आधी उडायला लागले तर जिबची दोरी जिथून ओढतो ती कडी पुढे-मागे करून बघायची. दोन शनिवारांत ती जागा सापडली. कोन ९०वर आला. पहिले दहा अंश सात हजार आठशेत मिळाले होते, पुढचे चार अठ्ठेचाळीस हजारांत. ते चारही खरेच होते. पण आधी तारा जुळवल्या नसत्या, तर हेच नवं जिब झुकलेल्या कडेवर चढलं असतं, आणि आम्ही नव्या शिडालाही नावं ठेवली असती.

होडीच्या आतल्या बाजूला, सुकाणूशेजारी, आता न पुसणाऱ्या मार्करने एक छोटा तक्ता लिहिलाय. हलका वारा, मध्यम वारा, जोराचा वारा. प्रत्येकासमोर खिळीचं भोक, तारेचा ताण, कडीची जागा. चौघांपैकी कोणीही गेलं तरी होडी तशीच उभी राहते. तुमच्याकडे कसलीही होडी असेल, अगदी भाड्याची, तर एवढं एक करा. आकडे डोक्यात ठेवू नका, होडीवर लिहा.

मे महिन्याच्या शेवटी होडी ताडपत्रीखाली गेली. मोठं शीड घरी आहे, गोड्या पाण्याने धुऊन, घडी न घालता गुंडाळून, पलंगाखाली. आईला ते अजिबात आवडलेलं नाही. बाबांनी ठेवायच्या आधी पुन्हा एकदा तिरपं ओढलं आणि काही बोलले नाहीत. पाऊस संपला की ऑक्टोबरात पुन्हा चिकटपट्टी लावून फोटो काढू. खोल जागा ४६वरून ५०च्या पुढे सरकली असेल, आणि ताण बरोबर असूनही परत येत नसेल, तर हेही गेलं. चौघांनी दरमहा दीड-दीड हजार बाजूला टाकायला सुरुवात केली आहे.